नवा लॅपटॉप: हाताला जाणवणारी मजबुती कितपत खरी?

पांथस्थ
सहा वर्षे वापरलेला प्लास्टिकचा लॅपटॉप निवृत्त करून मागच्या आठवड्यात 14 इंची, संपूर्ण ॲल्युमिनियमचा नवा लॅपटॉप घेतला. चर्चा कंपन्यांच्या भांडणाकडे वळू नये म्हणून नाव मुद्दामच देत नाही. वजन सव्वा किलो आहे. टेबलावर ठेवून एका बोटाने झाकण उचलले तरी खालचा भाग जागचा हलत नाही, कीबोर्ड मधोमध अंगठ्याने दाबला तरी लवत नाही आणि एका कोपऱ्याने धरून उचलला तरी कुठे कुरकुर होत नाही. जुन्यात या तिन्ही खोडी होत्या. पुढची कड मनगटाला काचते आणि गडद निळ्या रंगावर बोटांचे ठसे उमटतात, हे मात्र खटकले. तरीही जी वस्तू बाहेरून इतकी काटेकोर आहे ती आतूनही तशीच असणार, असे माझे मत आहे. खोक्यावर ‘मिल-एसटीडी-810एच’ असा लष्करी मानकाचा शिक्काही आहे. आपल्याला काय वाटते?

जुना कारागीर
आपले शेवटचे अनुमान मला मान्य नाही. पंधरा वर्षे दुरुस्तीच्या टेबलावर बसून जे पाहिले, त्यावरून सांगतो की लॅपटॉप मधोमध दाबल्याने क्वचितच मोडतो. तो मोडतो बिजागरीपाशी. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू पितळी नटांत बसतात आणि ते नट नुसत्या प्लास्टिकात दाबून बसवलेले असतात. बिजागरी घट्ट असली की ग्राहक खूश होतो, पण झाकण उघडताना तोच घट्टपणा दर वेळी त्या नटांना ओढत असतो आणि एके दिवशी प्लास्टिकासकट नट उपटून येतो. ‘धातूचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपमध्ये फक्त झाकणावर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, खालचा भाग प्लास्टिकचाच असतो.

दुसरे असे की, हाताला छान लागणे आणि टिकणे यांचा संबंध जोडताना ॲपलचा 2015 सालचा ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड आठवावा. कळा अतिशय पातळ आणि जराही न डगमगणाऱ्या होत्या, तेच त्याचे भांडवल होते. पण धुळीच्या कणाने त्या अडकू लागल्या, 2018 मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि 2019 च्या 16 इंची मॉडेलपासून ती पुन्हा जुन्या पद्धतीच्या कळांकडे वळली. पहिल्या आठवड्यात हे कोणाला कळणार होते?

सागरवेळ
कारागीर साहेबांचा अनुभव मोठा आहे, पण त्यांच्याकडे मोडलेलेच लॅपटॉप येतात, हेही लक्षात घ्यावे. मी रत्नागिरीला राहतो. येथील दमट हवेत प्लास्टिकावरचा मऊ रबरी लेप तीन-चार पावसाळ्यांत गुळासारखा चिकट होतो, धातूला ती भीती नाही. ॲल्युमिनियम उष्णताही बाहेर वाहून नेते, प्लास्टिक ती अडवून धरते. पांथस्थ यांना एक सूचना: दोन पिनांचा चार्जर जोडला असता धातूवर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखे वाटले, तर घाबरू नये. चार्जरच्या फिल्टरमधून येणारा तो अत्यल्प गळतीचा प्रवाह असतो. अर्थिंगची तिसरी पिन असलेली वायर जोडली, आणि घरातले अर्थिंग खरोखर चालू असले, तर तो थांबतो.

काळी पेटी
प्लास्टिक म्हणजे तकलादू हे समीकरणच चुकीचे आहे. आयबीएमचा पहिला थिंकपॅड लॅपटॉप 1992 मध्ये आला. डिझायनर रिचर्ड सॅपर यांनी जपानी जेवणाच्या डब्यावरून त्याचा साधा काळा आकार सुचवला. पुढे त्या मालिकेत तंतू मिसळलेले प्लास्टिक आणि मॅग्नेशियमचा सांगाडा वापरला गेला. ॲल्युमिनियम पडले की पोचा कायमचा राहतो, असे प्लास्टिक मात्र थोडे लवून पूर्वपदावर येते. पांथस्थ ज्याला खोड म्हणतात ते लवणे पुष्कळदा गुणच असतो. शिक्क्याबद्दल सांगायचे तर, ते मानक अमेरिकी संरक्षण खात्याने सैन्याच्या साहित्यासाठी लिहिले आहे; त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे लॅपटॉप कंपनी स्वतः ठरवते आणि निकालावर मोहोर उठवणारी सरकारी यंत्रणा नसते.

पांथस्थ
शिक्क्याचा मुद्दा मान्य. लवण्याचा नाही: मी रोज कल्याणहून लोकलने जातो, तेथे पाठीवरच्या पिशवीवर गर्दी चहूबाजूंनी रेलते आणि जुन्या लॅपटॉपचा पडदा अशाच दाबाने गेला होता. कारागीर साहेबांचे वाचून उत्सुकतेपोटी काल तळाचे आठ स्क्रू काढले, मागचे दोन रबरी पट्टीखाली दडलेले होते. बिजागरी थेट धातूत बसवलेली आहे. एसएसडी (माहिती साठवणारा भाग) बदलता येतो, रॅम (काम करतानाची तात्पुरती स्मृती) मात्र बोर्डालाच जोडलेली आहे, म्हणजे सोळा जीबीवरच दिवस काढायचे. पट्टी पुन्हा बसवली आहे, पण तिचे एक टोक सारखे उचलले जाते.

जुना कारागीर
बिजागरी धातूत असेल तर माझा अर्धा विरोध मागे घेतो. उरलेला अर्धा मात्र रॅम बदलता येत नाही म्हणून कायम आहे. उचकटलेली पट्टी मूळ गोंदाने बसणार नाही. जुना गोंद पुसून पातळ दुहेरी चिकटपट्टी लावा, फेव्हिक्विक मात्र लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते दोन स्क्रू मलाही निघायचे नाहीत.