'झपाटणे', 'पछाडणे' आणि मेलेली दुय्यम पात्रं

प्रश्न: मेलेलं पात्र कथेला 'हाँट' करतं, असं इंग्रजी समीक्षेत सर्रास लिहितात. हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागाबद्दल (२००७) लिहिताना मी 'डंबलडोरची बहीण ॲरियाना या भागाला झपाटते' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. 'पछाडते' तर त्याहून वाईट. दुसरा शब्द सुचवा.

— 'झपाटलेला' आता सत्कारातला शब्द झालाय, 'ध्येयानं झपाटलेले गुरुजी' वगैरे. 'पछाडलेला' मात्र अजून कर्ज, दुखणी नि भुतं यांच्याच ताब्यात आहे. पण हसू आलं ते वेगळ्या कारणानं. भगत भुताला म्हणतो, "झाड सोड." झाड म्हणजे बाधा झालेला माणूस. तुमच्या वाक्यात झाडच नाही! कथेला कुणी धरत नसतं, कथेतल्या माणसाला धरतं.

ॲरियानाची झाडं दोन, दोघं भाऊ: अल्बस डंबलडोर आणि ॲबरफोर्थ. हे दोघं आणि अल्बसचा मित्र ग्रिंडेलवाल्ड, अशा तिघांच्या मारामारीत ती गेली. मंत्र कुणाचा लागला ते कुणालाच कळलं नाही. ॲबरफोर्थच्या खानावळीत तिचं चित्र आहे. ती काही न बोलता वळते आणि चित्रातल्या बोगद्यातून चालू लागते. इथे मी 'सल' म्हणेन. 'ॲरियाना हा दोन्ही भावांचा सल आहे.' 'हाँट' उडवून टाका, काही बिघडत नाही.

— याच भागातल्या मेलेल्या रेग्युलस ब्लॅकला मात्र 'झपाटणे' चालेल. झाड म्हणजे त्याचा म्हातारा नोकर क्रीचर. 'लॉकेट नष्ट कर' ही मालकाची शेवटची आज्ञा, ती पाळता आली नाही म्हणून तो स्वतःला शिक्षा करत राहतो. शेवटी खऱ्याच्या जागी ठेवलेलं रेग्युलसचं बनावट लॉकेट छातीवर नाचवत, शूर रेग्युलसच्या नावानं ओरडत लढाईत उतरतो. भुताचा नि सत्काराचा, दोन्ही अर्थ एकाच म्हाताऱ्यात!

— मग जादू मंत्रालयातल्या बर्था जॉर्किन्सचं काय? सुट्टीवर अल्बानियाला गेली, तिथेच मारली गेली. तिच्याकडून काढलेल्या माहितीवर चौथ्या भागाचं अख्खं कारस्थान उभं आहे. स्मशानात खलनायक व्होल्डेमॉर्टच्या कांडीतून तिची छायाही बाहेर येते. तरी ती कुणाच्या मानगुटीवर बसत नाही. खात्यातल्या साहेबांना तर ती हरवल्याचंही काही वाटत नाही, वाट चुकली असेल म्हणतात.

— म्हणजे छाया दिसली तरी झपाटणं नाही. पटलं. पण मला ती लागते हो. एक बाई कामावर परत आली नाही आणि कुणी शोधायलाही गेलं नाही.

— मग झाड तुम्ही! फक्त त्याला 'झपाटणे' नका म्हणू. 'बर्थाची चुटपुट लागून राहते' म्हणा.

मूळ प्रश्नकर्ता: ॲरियानाला 'सल' घेतो. बर्थावर मी एक ओळही लिहिली नव्हती, ती आता घालतोय.