मदत हवी आहे: गदा राखणाऱ्याला किती, आव्हान देणाऱ्याला किती?

गिरणाकाठ:

मंडळी, आमचं गाव भडगाव तालुक्यातलं, यात्रा चैत्र पौर्णिमेची. दोन वर्षांपासून कुस्त्यांच्या दंगलीत चांदीची फिरती गदा ठेवली आहे. माघात निवड कुस्त्या होतात, त्यात जो शेवटपर्यंत टिकेल त्याच्याशी गदावाल्याने लढायचंच. नाही लढला तर गदा परत. हा नियम मीच बॉक्सिंगवरून उचलला आणि कमिटीच्या गळी उतरवला. आता तो माझ्याच गळ्यात अडकलाय.

शेवटच्या जोडीला दीड लाख ठेवलेत. गदावाला मोठा पैलवान, बाहेर नाव आहे. तो म्हणतो, जिंको किंवा हरो, 1 लाख 20 हजार आधी हातात हवेत. आव्हान देणारा पोरगा 21 वर्षांचा, शेजारच्या गावचा, बाप सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर). त्याचे वस्ताद म्हणतात निम्मे-निम्मे. परवा मारुतीच्या पारावर बैठक झाली. वस्तादांनी खिशातून चिठ्ठी काढून पोराचा खुराक वाचून दाखवला: दूध रोज दोन लिटर, बदाम, तूप, अंडी. शेवटी म्हणाले, “केळी घरची आहेत, ती धरली नाहीत.” महिन्याचा आकडा 12 हजारांवर गेला. त्यानंतर खजिनदार म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बॉक्सिंगमध्ये हे कसं ठरतं ते वाचतोय. संघटना लढतीचा हुकूम काढते, दोन्ही बाजूंना आपसात ठरवायला मुदत देते. जमलं नाही तर प्रवर्तकांकडून बंद पाकिटात बोली. ज्याची बोली मोठी त्याला लढत भरवायचा हक्क, आणि त्या रकमेची वाटणी संघटनेच्या टक्क्याने. टक्का मात्र दर वेळी वेगळा दिसतोय (पहिला आकडा पट्टा राखणाऱ्याचा). 2013 मध्ये मॉस्कोत क्लिचको–पोवेटकिन लढतीची बोली 2 कोटी 32 लाख डॉलरवर गेली, वाटणी 75–25. 2021 मध्ये तेओफिमो लोपेझ आणि कंबोसोस यांच्यात 65–35. 2022 मध्ये टायसन फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्यात 80–20. मग न्याय्य कुठलं? यात्रा 19 दिवसांवर आलीय.

लाल_माती:

आधी एक सांगा, पूर्वी काय करत होता? आमच्याकडे इनाम जिंकणाऱ्याचं आणि बरोबरीत सुटली तर निम्मं-निम्मं. यात टक्का आला कुठून?

गिरणाकाठ:

पूर्वी तसंच होतं. पण सगळं इनाम जिंकणाऱ्यालाच ठेवलं की नाव असलेला पैलवान येत नाही. त्याला दुसऱ्या गावी मानधन पक्कं मिळतं. आणि बरोबरीला निम्मं ठेवलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षाआधी 22 मिनिटं दोघे एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे होते. हलगीवाला दमला, हे दमले नाहीत. लोकांनी नुरा नुरा (आधीच ठरवलेली खोटी कुस्ती) म्हणून चपला दाखवल्या.

तापीपार:

भाऊ, बठ्ठा हिशोब एका सवालवर शे: लोके कोनले देखाले येतस? गदावाल्याले येत असतीन तर त्याले जास्त द्या, भांडण कशाले?

हिशेबनीस:

तापीपार, प्रश्न बरोबर आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. फ्युरी–व्हाइट नीट बघा. बोली 4 कोटी 10 लाख 25 हजार डॉलरची. वाटणीच्या आधी 10 टक्के, म्हणजे 41 लाख 2 हजार 500 डॉलर बाजूला काढले, ते जिंकणाऱ्याचे. उरलेल्यातून फ्युरीला 2 कोटी 95 लाख 38 हजार, व्हाइटला 73 लाख 84 हजार 500. फ्युरी सहाव्या फेरीत जिंकला, तेव्हा ती वरची रक्कमही त्याचीच झाली. आता व्हाइटच्या बाजूने विचार करा. तो जिंकला असता तर त्याचे पैसे दीडपटीहून जास्त झाले असते. फ्युरीला त्याच रकमेने जेमतेम 14 टक्के फरक. म्हणजे जिंकण्याचं बक्षीस ज्याचा वाटा लहान त्यालाच जास्त टोचतं. गिरणाकाठ, तुमच्या नुरावर औषध इथे आहे.

तुमच्या आकड्यात: 15 हजार जिंकणाऱ्याला, उरलेल्या 1 लाख 35 हजारांचे 80–20 म्हणजे 1 लाख 8 हजार आणि 27 हजार. हा हिशोब फक्त दाखवायला मांडला. मला स्वतःला 80–20 तुमच्या गावाला बसत नाही.

पुण्यात_मूळ_पारोळा:

का बसत नाही? गदा त्याची, नाव त्याचं.

हिशेबनीस:

कारण 80–20 च्या मागे फ्युरीची लंडनचं वेम्बली मैदान भरण्याची ताकद होती. 90 हजारांवर लोक आले. तुमचा गदावाला किती गावं ओढतो? आव्हान देणारा पोरगा शेजारचा आहे, त्याचं अख्खं गाव ट्रॅक्टर भरून येणार. ही गर्दी कुणाच्या खात्यात टाकायची?

शिवाय सक्तीचा आव्हानवीर कशासाठी असतो ते विसरू नका. सक्ती नसेल तर गदावाला दर वर्षी हलकी जोड निवडेल. बॉक्सिंगमध्ये रिडिक बो याने 1992 मध्ये लेनॉक्स लुइसशी लढण्याऐवजी जगज्जेतेपदाचा पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. पोरगा कुणाच्या मेहरबानीने आलेला नाही, निवड कुस्त्या जिंकून आलाय. त्याला “मिळतंय ते घे” म्हणणं मला पटत नाही.

लाल_माती:

आणि गदावाल्याला भरमसाट आधी दिलं की तो घाम गाळतोच असं नाही. 1990 मध्ये बस्टर डग्लसने माइक टायसनला पाडून पट्टा जिंकला, मग होलीफिल्डशी लढायला त्याला सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलर, होलीफिल्डला 80 लाख. डग्लस 246 पौंडांचा होऊन आला आणि तिसऱ्याच फेरीत आडवा. आमचे वस्ताद म्हणायचे, पैलवानाला अर्धी भाकरी कुस्तीनंतर वाढावी.

तापीपार:

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार ठरवतो तेव्हा सालाची रक्कम पक्की, पाऊस पडो न पडो. बटाईने दिलं तर पिकेल त्यात वाटा. या गदावाल्याला सालदाराची खात्री पण पाहिजे आणि बटाईचा मोठा वाटा पण. दोन्ही कसं चालेल?

गिरणाकाठ:

तापीपार, हे वाक्य मी बैठकीत वापरलं. सालदाराच्या पोराचे वस्ताद समोर होते, म्हणून जरा चाचरलो, पण तेच हसले.

काल रात्री जे लिहून काढलं ते इथे टाकतो, खोड्या काढा. दीड लाखातले 40 हजार जिंकणाऱ्याला, चीतपट झाली तरच. उरले 1 लाख 10 हजार. त्यातले 65 टक्के गदावाल्याला म्हणजे 71,500, पोराला 38,500. गदावाला जिंकला तर 1,11,500 होतात, त्याच्या मागणीच्या जवळ. पोरगा जिंकला तर 78,500 आणि गदा. 10 टक्क्यांऐवजी बक्षीस एवढं मोठं मुद्दाम ठेवलं. आपल्याला 22 मिनिटं मान धरून उभे राहणारे नकोत.

गदावाल्याला फोन केला. आधी चिडला. मग विचारलं, “40 हजार कोणाकडे राहणार?” म्हणजे मनातून तयार आहे.

हिशेबनीस:

चांगली मांडणी. दोन गोष्टी. पैसे आधी जमा करा आणि मगच जोड जाहीर करा. लोपेझ–कंबोसोसमध्ये 60 लाख 18 हजार डॉलरची बोली जिंकणाऱ्याने तारखा ढकलत ढकलत शेवटी हक्क गमावला, लढत दुसऱ्याने भरवली. वर्गणीचे आकडे वहीत असतात, खिशात नसतात. आणि बरोबरी झाली तर 40 हजारांचं काय? हे नाही लिहिलंत तर दंगल आखाड्याबाहेर होईल.

गिरणाकाठ:

बरोबरीचे 40 हजार पुढच्या वर्षीच्या जोडीत घालावेत असं मी म्हणतोय. गदावाला म्हणतो, वाटून टाका. वस्ताद म्हणतात, देवळाच्या पत्र्याला द्या. आज संध्याकाळी पुन्हा बैठक आहे. कुणाकडे दोन्ही पैलवानांच्या सहीचा साधा करारनामा असेल तर फोटो टाका, हस्ताक्षरातला असला तरी चालेल.