अकस्मात मृत्यूचा पंचनामा: गाठीला हात लावू नका

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीत बुडालेल्याचा मृतदेह घातपाताचा संशय नसतानाही थेट घरी का देत नाहीत, असं एकाने विचारलंय. खबर आली की ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 194, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174) आणि जागेवरच पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो. बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला, हे काठावरून नुसतं बघून कळत नाही. मुठीत घट्ट धरलेलं शेवाळ किंवा चिखल सापडला तर तो पाण्यात पडताना जिवंत होता, याची ती मोठी खूण. म्हणून मृतदेह सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) पाठवण्याआधी कृपा करून मृताचे हात धुऊ नका.

गळफासात सगळ्यात जास्त घोळ होतो. माणूस जिवंत असण्याची शक्यता असेल तर आधी त्याला उतरवा, तिथे पुरावा दुय्यम. पण दोर गाठीपासून लांब कापा, गाठ सोडू नका. गळ्यावरचा व्रण आणि गाठ जुळवून बघावी लागते.

विषबाधेत व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले शरीरातले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मेलिनमध्ये (अवयव टिकवण्याच्या रसायनात) ठेवला तर विष शोधणं अवघड होतं.

लग्नाला 7 वर्षं झालेली नसताना विवाहितेचा मृत्यू झाला, तर पंचनामा कार्यकारी दंडाधिकारी, बहुधा तहसीलदार, करतात. त्यांची वाट बघावी लागते, तेवढी बघाच.