मदत हवी आहे: लिंबाच्या रोपावरच्या अळ्यांना कढीपत्ता चालेल का?

नमस्कार मंडळी. गॅलरीतल्या कुंडीत लिंबाचं लहानसं रोप आहे. गेल्या आठवड्यात कोवळ्या पालवीवर मोहरीपेक्षाही बारीक, फिकट पिवळी अंडी दिसली, एका पानावर एकच. चौथ्या दिवशी सकाळी भिंगातून पाहिलं तर अळी बाहेर येऊन स्वतःचंच कवच कुरतडत होती! किती वेळ तिथेच उभी होते कोण जाणे.

आता पाच अळ्या आहेत. तपकिरी अंगावर पांढरे पट्टे, अगदी पाखराची विष्ठा पडल्यासारख्या. एकीला काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून केशरी दुभंगलेलं शिंग काढलं, उग्र वास आला. त्यामुळे लिंबाचं फुलपाखरू असावं असं वाटतंय.

अडचण अशी की रोपाला जेमतेम वीस पानं उरलीत आणि अळ्या मोठ्या होऊन हिरव्या झाल्यावर खूपच खातात म्हणे. शेजारी कढीपत्ता आहे. लिंबावर वाढलेली अळी तो खाईल का? की बाजारातली लिंबाची फांदी आणू? पण तिच्यावर कीटकनाशक फवारलेलं असेल अशी भीती वाटते. शिवाय एक अंडं पूर्ण काळं पडलंय, अजून फुटलेलं नाही. त्यात परजीवी (दुसऱ्याच्या अंड्यात वाढणाऱ्या) गांधीलमाशीचं पिल्लू असेल का? ज्यांनी अळ्या वाढवल्यात त्यांनी कृपया लवकर सांगा, पानं दोन दिवसांत संपतील.