नातू यावलला, किंडरगेल्ड जर्मनीत: पैसे परत मागितले ते बरोबर का?

यावलचा आप्पा (धागा यांनी काढला)

रामराम मंडळी. मुलगी-जावई जर्मनीत असतात. दोघंही नोकरीला, दोघांचाही कर पगारातूनच कापला जातो. तिथं पोर झालं की सरकार दर महिन्याला पैसे देतं, त्याला किंडरगेल्ड म्हणतात. 2023 आणि 2024 मध्ये पोरामागे 250 युरो होते, 2025 मध्ये 255 झाले. आईबाप गरीब की श्रीमंत हे बघत नाहीत. पोर 18 वर्षांचं होईपर्यंत देतात, शिकत असेल तर 25 पर्यंत.

नातू दीड वर्षाचा असताना मुलीची रजा संपली आणि पाळणाघरात जागा मिळेना. 2023 च्या धोंड्याच्या महिन्यात, जुलै संपता संपता ती आली, जावयाचं वाण घेतलं आणि पोराला आमच्याकडे ठेवून गेली. 2024 ला घट बसले त्या आठवड्यात परत नेला. मधले 14 महिने तो आमच्या ओसरीवर वाढला. उन्हाळ्यात बिबड्यांचा घाटा शिजला की हा वाटी घेऊन चुलीपाशी हजर. वरून कच्चं तेल नाही टाकलं तर खायचा नाही.

पैसे तिच्या खात्यात येतच राहिले. आता तिथल्या कार्यालयाचं पत्र आलंय: मूल या देशात राहत नव्हतं, 14 महिन्यांचे 3,500 युरो परत करा. आपल्याकडचे तीन लाखांच्या वर गेले! माझा प्रश्न एवढाच. पैसे पोर वाढवायचे होते ना? मग पोर वाढलं नाही का? कर कापताना नातू कुठं झोपतो हे कुणी विचारलं नाही.

अमळनेरकर (मुक्काम लीड्स)

आप्पा, राग मानू नका, पण पत्र बरोबर आहे. पोर तिथं किंवा युरोपातल्या ठरलेल्या देशांत राहायला हवं, ही अट अर्जातच असते. राहण्यात बदल झाला तर कळवायचं, यावरही सही घेतात. सुटीला महिना-दोन महिने गावी नेलं तर कुणी काही म्हणत नाही. 14 महिने म्हणजे सुटी नव्हे.

आणि तुम्हाला मिळत तरी होतं. आम्ही इथं ब्रिटनमध्ये वर्क व्हिसावर पाच वर्षं काढली, चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे इथल्या पोरांच्या भत्त्याचा, एक पेन्स दिसला नाही. सरकारी निधीवर हक्क नाही, असं व्हिसाच्या अटीतच असतं. कर मात्र गोऱ्या शेजाऱ्याइतकाच. कायमचा परवाना मिळाला तेव्हा पहिल्या पोराचे आठवड्याला 26.05 पौंड, असा 2025 चा दर पुढे आला. तेही आईबापांपैकी एकाची वर्षाची कमाई 60 हजार पौंडांवर गेली की कापायला लागतात, 80 हजारांना सगळं परत. कॅनडात तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्यांना आधी 18 महिने राहून दाखवावं लागतं. जर्मनीत ब्लू कार्डवाल्यालाही (शिकलेल्या परदेशी नोकरदाराचा परवाना) मिळतं, हे कमी आहे का?

धुळेकरीण

लीड्सवाले भाऊ, तुम्हाला मिळालं नाही म्हणून दुसऱ्याकडून काढून घेतलेलं बरोबर, हा कुठला न्याय?

मुद्दा पाळणाघराचा आहे. जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरातल्या जागेचा कायद्याने हक्क आहे. कायद्याने! आणि आप्पांच्या मुलीला जागा मिळाली नाही. म्हणजे सरकारनं जे द्यायचं ते दिलं नाही, ते काम यावलच्या आजीनं केलं, आणि वर सरकारच पैसे मागतंय. आजीची मजुरी कुणी धरायची? माझ्या नणंदेनं नोकरी सोडली याच पायी. तिनं पोर माहेरी पाठवलं असतं तर तीही चोर ठरली असती.

केळीचा घड

चोर कुणी म्हटलं नाही ताई. पण आप्पा, एक हिशेब सांगा. नातवावर तुमचा महिन्याचा खर्च किती झाला?

यावलचा आप्पा

लपवायचं काय त्यात. केळीच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानांवर लिहीत होतो. दूध, डॉक्टर, लंगोट (ते डायपर फार महाग बुवा), बालवाडीची फी. सरासरी आठ हजार.

केळीचा घड

आणि येत होते 250 युरो, म्हणजे साधारण बावीस हजार. वरचे चौदा हजार कशाचे? जर्मनीतल्या भाड्या-दुधाच्या भावाला धरून ठरवलेली रक्कम यावलच्या दुधाला लावायची आणि म्हणायचं पोर वाढवलं. मुलीनं ते पैसे तुम्हाला पाठवले का, हेही सांगा. नसतील पाठवले तर तुमचा मुद्दाच संपला.

धुळेकरीण

त्यांच्या घरातलं विचारायचा तुम्हाला काय अधिकार?

केळीचा घड

धागा त्यांनीच काढलाय.

खान्देशी काका

आप्पा, तठे पैसा भेटना, आठे नातू भेटना. आखो काय पाह्यजे? (म्हणजे तिथं पैसा मिळाला, इथं नातू मिळाला, आणखी काय पाहिजे?)

नंदुरबारची मिरची

तुम्ही सगळे युरोवर भांडताय. आमच्या नंदुरबारातून दिवाळीनंतर अख्खी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरं बैलगाडीत. अंगणवाडीचं पोर गावच्या पटावर, आहार गावच्या पटावर, आणि पोर फडात. तिथली अंगणवाडी म्हणते तुझं नाव इथं नाही. देश न सोडताच हक्क सुटतो, आणि परत मागण्याइतकंही कुणी दिलेलं नसतं.

मुलींसाठीच्या लेक लाडकी योजनेचंही तेच. जन्माला 5 हजार, पहिलीला 6, सहावीला 7, अकरावीला 8 आणि 18 वर्षांला 75 हजार, मिळून 1 लाख 1 हजार. पण रेशन कार्ड पिवळं नाहीतर केशरी हवं आणि घर महाराष्ट्रातलं हवं. पोर कुठं राहतं हे जगातलं प्रत्येक सरकार विचारतं. आप्पांच्या लेकीला कुणी विचारणारं तरी आहे.

भुसावळ जंक्शन

आठ वर्षं म्युनिकला काढून परत आलोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

ही अट आजची नाही. पूर्वी तुर्कस्तान-युगोस्लाव्हियाचे कामगार पोरं गावी ठेवून जर्मनीत राबायचे. 1975 ला तिथल्या सरकारनं गावी राहणाऱ्या पोरांचे पैसे एकदम कमी केले. परिणाम उलटा झाला, लोकांनी पोरंच उचलून जर्मनीत आणली. केळीचा घड म्हणतात तो भावाचा मुद्दा ऑस्ट्रियानं 2019 मध्ये लावून पाहिला: पोर ज्या देशात, त्या देशाच्या महागाईप्रमाणे भत्ता. युरोपीय न्यायालयानं 16 जून 2022 ला तो नियम बेकायदा ठरवला. कामगार कर सारखाच भरतो, मग भत्ता कमी का, असा त्यांचा रोख होता. म्हणजे आप्पांचंच म्हणणं. फक्त ते युरोपातल्या पोरांपुरतं, यावल त्यात बसत नाही.

आता कामाचं. किंडरगेल्ड गेलं तरी पोरासाठीची कर-सवलत ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला पोर जर्मनीत राहायची अट नाही. देशाप्रमाणे कापतात, भारतासाठी चौथा हिस्सा धरतात. तुमच्या मुलीला त्या दोन वर्षांचं कर-विवरण काढून बघायला सांगा, नातू गावी असलेल्या महिन्यांची सवलत मागितली आहे का. 3,500 निघणार नाहीत, पण काहीतरी हाती लागेल. आणि पत्राला उत्तर देताना तिकिटाच्या खऱ्या तारखा लिहा, लसीचं कार्ड जोडा. तारखांत घोळ घातला तर प्रकरण दंडावर जाईल.

अमळनेरकर (मुक्काम लीड्स)

हे सवलतीचं मला नवीन. आभार. अट चुकीची आहे असं मी अजूनही म्हणणार नाही.

यावलचा आप्पा

जंक्शनवाले भाऊ, तुमचा निरोप काल रात्रीच मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, विवरणात पोराचा रकाना भरलाच नव्हता. हप्त्यांसाठी अर्जही केलाय.

केळीच्या घडाला उत्तर देतो. नाही, पैसे पाठवले नाहीत, मीच घेतले नसते. ते तिच्या भाड्यातच गेले. तुमचा चौदा हजारांचा हिशेब रात्रभर डोक्यात होता, खोटा नाही तो. पण जागा न देणाऱ्यानं पूर्ण 3,500 मागावेत हे मला अजून पटत नाही.

अर्धे मी भरतो म्हटलं. तर म्हणते, पप्पा, मग आधी वहीतले मी देते, पानांचा फोटो पाठवा. वही कपाटात टाकून कुलूप लावलंय.