टँकरच्या लघुपटातले ते लांब दृश्य: गरज की कारागिरी?

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई: पाण्याच्या टँकरवरचा लघुपट पाहिला. घागर घेऊन उभी असलेली मुलगी चार मिनिटे एकाच चौकटीत दिसते, मध्ये एकही कट नाही. विषय इतका खरा असताना ही कारागिरी कशासाठी? सरळ गोष्ट सांगितली असती, तर गावातल्या माणसालाही कळली असती.

संकलक, लातूर: सर, हे वाचून गप्प बसवले नाही. गावातल्या माणसाला कळणार नाही, हे आपण कशावरून ठरवले? टँकरची वाट त्यानेच पाहिलेली आहे. कट घेतला असता, तर ती मुलगी बराच वेळ थांबली एवढी माहिती आपल्याला मिळाली असती. कट नसल्यामुळे आपल्यालाही तिच्याबरोबर थांबावे लागते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि टँकर दिसण्यापूर्वी त्याचा आवाज येतो, म्हणून तिची मान वळण्याआधी आपली नजर वळते. शिवाय आपण ज्याला सरळ म्हणता, ते संकलनही, म्हणजे दृश्ये कापून एकमेकांना जोडणेही, अर्थ घडवतच असते. रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२०च्या सुमारास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि प्रेक्षकांनी त्यात भूक आणि शोक वाचला.

ऊसतोड कुटुंबातली, बीड: लांब दृश्याचे राहू द्या, त्या पिवळ्या रंगाचे बोला. आमची जमीन काळी आहे. पण मराठवाडा म्हटले की ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग ठरवताना, सगळे पिवळे करायचे, वर ड्रोन फिरवायचा आणि खाली बासरी लावायची. अशाच एका लघुपटात ऊसतोड बाईच्या भेगाळलेल्या टाचांचा क्लोज-अप होता. माझ्या आईने विचारले, "पाय एवढा वेळ दाखवले, तोंड का नाही दाखवलं?" मला उत्तर देता आले नाही.

प्रेक्षक, परभणी: ताई, सरसकट आरोप नको. एप्रिलच्या दुपारी परभणीत उभे राहून पाहा, रंग पिवळाच दिसतो. संगीत म्हणजे फसवणूक हेही मला मान्य नाही. सत्यजित राय यांच्या १९५५च्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली चित्रपटात मुलीच्या मृत्यूवर आई हंबरडा फोडते, तेव्हा तिचा आवाज काढून तिथे तारशहनाई हे तंतुवाद्य ठेवले आहे. रडणे ऐकू आले असते, तर दुःख एवढे भिडले नसते.

ऊसतोड कुटुंबातली, बीड: तिथे आईचा चेहरा समोर असतो! आमच्या बायकांना चेहरा द्या, मग हवे ते वाद्य वाजवा. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले हे खरे आहे, पण जुलैत इथे सोयाबीन हिरवेगार असते हेही खरे आहे, आणि ते कोणत्या लघुपटात दिसले ते सांगा.

प्रेक्षक, परभणी: चेहऱ्याचा मुद्दा बिनतोड आहे. रंगाबाबत माझे मत कायम.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई: मुलीबरोबर थांबावे लागते, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. तरीही चार मिनिटे जास्तच होतात. माझ्या शेजारचे दोघे उठून गेले.

संकलक, लातूर: सर, रांगेतून उठून जाण्याची सोय त्या मुलीला नव्हती. त्या दृश्यातले एक मिनिटही मी कापणार नाही.