खेळाडू वाढले म्हणून कमाई वाढेलच असं नाही

जगभरचे ऑनलाइन पोकर खेळाडू एकाच साइटवर आले की खेळणाऱ्यांची कमाई वाढेल, असं काही जण म्हणतात; ते पटलं नाही. पोकरमध्ये एकाचा खिसा रिकामा होतो तेव्हाच दुसऱ्याचा भरतो, वर साइट रेक, म्हणजे डावातल्या पैशातून आपला वाटा, कापते तो वेगळाच! त्यामुळे येणारे कोण, हे बघा. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा हौशी खेळाडू ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा जिंकल्यावर हौशे-नवशे-गवशे सगळेच लोटले; तेव्हा जाणकारांची चंगळ झाली. आता सॉल्व्हर (योग्य चाल गणिताने काढून देणारं सॉफ्टवेअर) कोळून प्यायलेले, एका वेळी अनेक टेबलं खेळणारे समोर बसतात. शिवाय ज्याचा घरखर्च कमी, त्याला शंभर हातांमागे (डावांमागे) दोन बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीची सक्तीची मोठी बोली) इतकी कमाईही पुरते. महागड्या देशातल्याचं तेवढ्यात भागत नाही, तो लहान स्टेक्स (कमी रकमेचे डाव) सोडून देतो. मोठ्या टूर्नामेंटची बक्षिसं फुगतील हे मात्र मान्य, पण त्यातले चढउतार सोसायला बँकरोलही (खेळासाठी बाजूला ठेवलेला पैसा) तसाच दांडगा लागतो.